गांडुळापुढे वाजवला पियानो

मागच्या अंकात सहज म्हणून लिहिलं की चमत्कारिक विषयांवरच्या पण खऱ्याखुऱ्या पुस्तकांबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, आणि पत्रांचा नुसता ढीग झाला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, म्हणून काही निवडून घेतलीत. मी स्वतःला एकच अट घातली होती, जे शेवटपर्यंत वाचलं नाही ते दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं नाही. एका ठिकाणी ती मोडलीये आणि त्याची शिक्षाही भोगलीये, ते पुढे येईलच.

"कादंबऱ्यांत मन रमत नाही, 'यशस्वी कसे व्हाल' टाइपची पुस्तकं वाचून डोकं उठलंय. काहीतरी येडं पाहिजे, पण खोटं नको. सुरुवात कुठून करू?" (एक कंटाळलेला वाचक)

डार्विनपासून करा. थांबा थांबा, पळू नका, ते माकडावरून भांडणं लावणारं जाडजूड पुस्तक नाही म्हणत मी. 1881 च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे जायच्या जेमतेम सहा महिने आधी, या माणसाने शेवटचं पुस्तक काढलं ते गांडुळांवर. नाव एका दमात घेता येणार नाही एवढं लांब, पण मतलब असा की गांडुळं माती कशी तयार करतात आणि त्यांच्या सवयी काय.

आता जगभर नाव झालेला म्हातारा माणूस काय करतो, तर आपल्या अभ्यासिकेत मातीच्या कुंड्या आणून ठेवतो, त्यात गांडुळं सोडतो आणि त्यांना ऐकू येतं का ते तपासत बसतो. आधी कर्कश शिट्टी वाजवून झाली, मग मुलाकडून बसून वाजवून घेतलं (बसून नावाचं वाद्य असतं हो, उभं राहूनही वाजवतात), पियानो झाला, जवळ जाऊन ओरडून झालं. गांडुळं ढिम्म. आपल्याकडे गाढवापुढे गीता वाचतात, इथे गांडुळापुढे पियानो. पण तो तिथे थांबला नाही, त्याने दोन गांडुळांच्या कुंड्या उचलून पियानोवरच ठेवल्या आणि एक खालचा सूर दाबला, तशी दोन्ही गांडुळं सटकन बिळात! म्हणजे कान नाहीत पण कंप कळतो. मग तंबाखू चघळत त्यांच्यावर फुंकर मार, तोंडात अत्तराचा बोळा धरून फुंकर मार, हेही झालं. त्यांना काही फरक पडला नाही.

मला सगळ्यात आवडलेला भाग कागदाच्या त्रिकोणांचा आहे. गांडूळ रात्री पानं ओढून बिळाचं तोंड बंद करतं, तर ते पान कुठल्याही बाजूने ओढतं की सोयीच्या बाजूने, हा प्रश्न. याने कागदाचे लांबुळके त्रिकोण कापले, पावसात भिजू नयेत म्हणून त्यांना चरबी चोळली आणि बागेत टाकून दिले. नंतर 303 त्रिकोण मोजले, त्यातले 62 टक्के टोकाकडून ओढलेले निघाले, म्हणजे जिकडून बिळात सहज जाईल तिकडून. आंधळा, बहिरा प्राणी, पण चाचपून ठरवतोय. आणि हे सगळं करताना लेखकाचा सूर कुठेही "बघा किती भारी" असा नाही, तो शांतपणे सांगत जातो.

शिवाय धीर बघा. 1842 मध्ये एका शेतावर खडूचे तुकडे पसरले आणि 1871 मध्ये तिथे चर खणून पाहिलं, तर तो पांढरा थर 7 इंच खाली गेलेला. तुकडे बुडाले नव्हते, गांडुळांनी खालची माती वर आणून आणून त्यांना पुरलं होतं. 29 वर्षं वाट बघायची, कशाची तर खडू किती खाली गेला याची! त्याचा हिशोब असा की चांगल्या जमिनीत एकरी 10 टनांहून जास्त माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून जाते.

मधला जुन्या पडक्या इमारतींचा भाग रटाळ आहे, तो बिनधास्त उडवा. पण या पुस्तकाने मला एक मोजमाप दिलं जे मी आजही वापरते. विषय किती विचित्र आहे ते मी बघत नाही, लेखक त्या विषयापाशी किती वेळ बसला ते बघते. विचित्र विषय काय, कुणालाही सुचतो.

"बाबा आता सत्तर वर्षांचे होतील. आयुष्यभर मशीन दुरुस्त केल्या, पेपर सोडून काही वाचत नाहीत, इंग्रजी मात्र चांगलं येतं. पुस्तक दिलं तर कपाटात जाईल अशी भीती." (लेक)

डेव्हा सोबेल यांचं 'लाँजिट्यूड' द्या, 1995 चं आहे, छोटंसं, दोन-तीन बैठकांत संपतं आणि मुख्य म्हणजे हिरो सुतार आहे.

गोष्ट अशी की समुद्रात जहाज उत्तर-दक्षिण कुठे आहे ते सूर्यावरून, ताऱ्यांवरून कळायचं, पण पूर्व-पश्चिम कुठे आहे ते कळायचं नाही. 1707 मध्ये इंग्लंडच्या नौदलाची चार जहाजं घराजवळ येऊन सिली बेटांच्या खडकांवर फुटली, दोन हजारांच्या आसपास माणसं बुडाली. मग 1714 मध्ये पार्लमेंटने कायदा करून 20,000 पौंडांचं बक्षीस लावलं. मोठमोठे खगोलवाले चंद्र आकाशात कधी कुठे असेल त्याची कोष्टकं घेऊन बसले. आणि जॉन हॅरिसन नावाचा सुतार, घड्याळं बनवायचं स्वतःच शिकलेला, म्हणाला घड्याळानेच होईल.

बाबांना हे पटकन कळेल, त्यांनाच विचारा. पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे तासाला 15 अंश, म्हणजे 4 मिनिटांना एक. निघालात त्या बंदराची वेळ दाखवणारं घड्याळ सोबत असेल आणि जहाजावर दुपारचे बारा सूर्यावरून कळत असतील तर फरक काढा, झालं. कागदावर सोपं. पण डोलणारं जहाज, खारी हवा, थंडी-गरमीने धातू कमीजास्त होणार, तेल घट्ट होणार, अशात घड्याळ चुकू द्यायचं नाही! पहिलं घड्याळ बनलं ते 34 किलोचं धूड. चौथं मात्र तळहातात मावणारं, 13 सेंटिमीटरचं, मोठ्या खिशातल्या घड्याळासारखं, आणि ते 1761 मध्ये जमैकाला निघालं तर 81 दिवसांत फक्त 5 सेकंद मागे पडलं. पुढे बक्षीस देताना जी टोलवाटोलवी झाली ती वाचताना बाबा खुर्चीत सावरून बसतील, कारण ज्याने हाताने काम केलंय त्याला हा अनुभव नवा नसतो.

हे आवडलं तर दुसरी भेट हेन्री पेट्रोस्की यांचं 'द पेन्सिल'. इंजिनिअरिंगचा प्राध्यापक, आणि चारशे पानं नुसत्या पेन्सिलीवर. सुरुवातच झकास आहे. थोरो नावाचा अमेरिकन लेखक जंगलात जाताना काय काय न्यायचं त्याची बारीकसारीक यादी करतो आणि तीत पेन्सिल लिहायची विसरतो, आणि घरचा धंदा कसला तर पेन्सिलींचा! रोज हातात असते ती वस्तू दिसेनाशी होते, हे यातून किती सहज कळतं. आणि आपण अजून 'शिसपेन्सिल' म्हणतो ना, तर त्यात शिसं औषधालाही नसतं. इंग्लंडात बॉरोडेलला सोळाव्या शतकात ग्राफाइट सापडलं ते लोकांना शिशासारखं वाटलं, ती चूक भाषाभाषांतून फिरत आपल्या दप्तरात आली. पुढे युद्धामुळे फ्रान्सला हे इंग्रजी ग्राफाइट मिळेना, तेव्हा 1795 मध्ये काँते नावाच्या माणसाने ग्राफाइटची पूड चिकणमातीत मळून भट्टीत भाजली, आणि माती कमीजास्त केली की पेन्सिल कडक किंवा मऊ होते हेही हाती लागलं. आजच्या पेन्सिलीचा गाभा तोच. चारशे पानं जरा जास्तच आहेत हे मान्य, पण बाबांकडे वेळ आहे.

"पाठीच्या ऑपरेशननंतर दोन महिने पडून राहायला सांगितलंय. मोबाइल बघून डोळे दुखतात, जड पुस्तक हातात धरवत नाही. 'सकारात्मक राहा' सांगणारं पुस्तक कृपया सुचवू नका." (छताकडे बघणारी)

नाही सुचवत, शप्पथ.

तुमच्यासाठी एलिझाबेथ टोव्हा बेली यांचं 'द साउंड ऑफ अ वाइल्ड स्नेल ईटिंग' आहे, 2010 चं, हलकं, दोन्ही अर्थांनी. लेखिका अशा आजाराने पडलेली की कुशीवर वळणं हेसुद्धा कामच. एक मैत्रीण रानातल्या फुलांचं रोप कुंडीत लावून आणते आणि सोबत एक गोगलगाय. लेखिकेला आधी वाटतं, हिचं मी काय करू? मग सकाळी पाकिटाच्या कागदाला चौकोनी भोक पडलेलं दिसतं. चौकोनी! रात्री शेजारी काहीतरी खाल्ल्याचा बारीक आवाज येतो, आणि त्या आवाजाची तिला सोबत वाटायला लागते. पुढे ती गोगलगायीबद्दल मिळेल ते वाचते, की तोंडात 80 रांगा आणि रांगेत 33 दात, म्हणजे 2,640, झिजले की मागची रांग पुढे सरकते. एकच गोगलगाय नरही असते आणि मादीही. नंतर तिला पिल्लं होतात, एकदोन नाही, शंभराच्या वर.

माणसं भेटायला येतात तेव्हा ती किती भराभर हलतात, खोलीत येरझारा घालतात, हे बघून तिला दमायला होतं, पण गोगलगायीच्या वेगाशी तिचा वेग जुळतो, हे वाक्य मी आजारी नसतानाही वाचून थबकले होते. ती कुठेही रडत नाही आणि कुठेही धीर देत नाही. तुम्हाला तेच हवंय ना?

त्यानंतर वाटलं तर झेव्हिए द मेस्त्रचं 'माझ्या खोलीभोवतीचा प्रवास'. अठराव्या शतकातला सैन्यातला अधिकारी, द्वंद्व खेळला म्हणून 42 दिवस खोलीत नजरकैदेत, तर त्याने त्या खोलीचंच प्रवासवर्णन लिहिलं. खोलीचा परीघ भिंतीला लागून चाललं तर 36 पावलं. आज पलंगाकडे निघालो, वाटेत आरामखुर्ची लागली, असं. मध्येमध्ये फार तत्त्वज्ञान झोडतो, तेव्हा डुलकी काढा, त्याला राग येणार नाही.

"मी कॉलेजमध्ये आहे. 'थक्क करणाऱ्या हजार गोष्टी' छाप पुस्तकं भरपूर वाचलीत. पण मी काही सांगितलं की मित्र लगेच सर्च करून म्हणतात खोटंय. पुस्तकातलं खरं की खोटं ओळखायचं कसं?" (मित्रांना वैतागलेला)

अरे, तुझं दुःख मला माहितीये, मी यात पार तोंडावर आपटलेय.

ती वर म्हटलेली मोडलेली अट इथली. चार्ल्स मॅकेचं 1841 चं एक गाजलेलं पुस्तक आहे, माणसांचे कळप कसे वेडे होतात त्यावर. मी त्यातलं फक्त ट्यूलिपचं प्रकरण वाचलं होतं. हॉलंडमध्ये 1630 च्या दशकात ट्यूलिपच्या कंदांचे भाव इतके चढले की लोकांनी घरंदारं लावली आणि 1637 च्या फेब्रुवारीत भाव कोसळून देश बुडाला, अशी गोष्ट. त्यात एक खलाशी येतो, व्यापाऱ्याच्या दुकानातला लाखमोलाचा कंद कांदा समजून माशाबरोबर खाऊन टाकतो. मी हा खलाशी किती ठिकाणी, किती वर्षं, किती हावभाव करून सांगितला असेल! लग्नात सांगितला, ऑफिसात सांगितला, एकदा तर स्टेजवरून सांगितला. आणि त्या दिवशी समोरच्या रांगेतल्या एका बाईंनी कार्यक्रम संपल्यावर अगदी गोड आवाजात विचारलं, "तुम्ही गोल्डगार वाचलंय का?"

नव्हतं वाचलं. अ‍ॅन गोल्डगार या इतिहासकार बाईंनी 2007 मध्ये 'ट्यूलिपमेनिया' नावाचंच पुस्तक लिहिलं, आणि त्यासाठी हॉलंडच्या दफ्तरखान्यांत जाऊन त्या काळचे करार, भांडणं, नोंदी उलगडून बघितल्या. भाव चढले होते आणि पडले होते हे खरं. पण व्यवहार करणारे बरेचसे एकमेकांना ओळखणारे, बऱ्यापैकी पैसेवाले लोक होते, धुराडी साफ करणाऱ्यापर्यंत सगळे वेडे झाले होते वगैरे काही नाही. ट्यूलिपपायी देशोधडीला लागलेली माणसं शोधून सापडेनात, आणि देश बुडाला हे तर साफ खोटं. मग ही कहाणी आली कुठून? तर लोकांना हावरटपणाबद्दल चार शब्द सुनावणाऱ्या त्या काळच्या उपहासाच्या पत्रकांतून. ती एकाने उचलली, त्याच्याकडून दुसऱ्याने, मॅकेने तिसऱ्या-चौथ्या हाताने, आणि मी मॅकेच्या हातून. खलाशाचंही तसंच. एक साधी गोष्ट मला तेव्हा सुचायला हवी होती, ट्यूलिपचा कंद चवीला कांद्यासारखा लागत नाही!

तर तुझ्या प्रश्नाला उत्तर. पुस्तक उघडलंस की आधी मागची पानं बघ. लेखकाला ही गोष्ट कुठून मिळाली ते सांगितलंय का? स्वतः गेला, विचारलं, कागद बघितला, मोजलं, की दुसऱ्या तशाच पुस्तकातून उचललं? हजार गोष्टींच्या पुस्तकात प्रत्येक गोष्टीला चार ओळी मिळतात, लेखक तिथे बसलेलाच नसतो, चालत्या गाडीतून बघितल्यासारखं. आणि दुसरी खूण, गोष्ट जर अगदी नेमकी, गोळीबंद, शेवटी तात्पर्य लागेल अशी असेल तर जरा संशय घे. खरी गोष्ट बहुतेक वेळा कुठेतरी फाटलेली असते. मित्रांना सांगायचं झालं तर गोल्डगारवाली गोष्ट सांग, सर्च करू दे किती करायचं ते.

"मला मृत्यू, शवविच्छेदन वगैरेबद्दल वाचायला आवडतं. घरचे म्हणतात हे विकृत आहे. आहे का?" (नाव नको)

नाही. मेरी रोच यांचं 'स्टिफ', 2003 चं. माणूस गेल्यावर देहदान केलेल्या शरीराचं काय काय होतं, याच्यावर. पहिल्याच प्रकरणात प्लॅस्टिक सर्जन लोकांना चेहऱ्याच्या ऑपरेशनचा सराव करायचा असतो, त्यासाठी 40 मुंडकी ओव्हनमध्ये ठेवायच्या ट्रेमध्ये मांडून ठेवलेली. ट्रे का, तर गळणारं खाली जमा व्हावं म्हणून. इथे पुस्तक मिटावंसं वाटलं तर मिटा, पुढे याहून सोपं नाहीये. पण ही बाई विनोद करते तो स्वतःवर आणि जिवंत माणसांवर, गेलेल्यांवर नाही, आणि ते सांभाळणं किती अवघड असतं ते दोन प्रकरणांनंतर लक्षात येतं. गाडीतले पट्टे, काचा, स्टिअरिंग आज जसे आहेत त्यामागेही अशीच शरीरं आहेत, ते प्रकरण घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा. जेवताना नको.

"जाड पुस्तक अर्धवट सोडलं की अपराधी वाटतं. काय करू?" (अर्धवटराव)

सोडा की. परीक्षा आहे का? अ‍ॅमन शे नावाच्या एका माणसाने ऑक्सफर्डचा थोरला शब्दकोश, 20 खंड, 21,730 पानं, वर्षभरात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढला, डोकं दुखलं, नजर अधू झाली तरी, आणि मग त्यावर एक छोटं गमतीदार पुस्तक लिहिलं. आपण ते छोटं वाचायचं. आपल्या वतीने कुणीतरी सगळं वाचून ठेवलंय, मग अपराधी कशाला?

"निवृत्त झाल्यापासून समोरच्या गच्चीवरच्या कबुतरांची रोज नोंद ठेवतोय. किती आली, किती वाजता उडाली, कोण कुणाला हुसकावतं. सात महिने झाले, दोन वह्या भरल्या. बायको म्हणते याला रिकामपणचे उद्योग म्हणतात. यावर पुस्तक होऊ शकतं का? आणि मी आधी काय वाचू?" (वहीवाला)

अहो काका, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

आधी जॉर्ज पेरेक वाचा, पन्नास-साठ पानांचं काम आहे. 1974 च्या ऑक्टोबरात हा फ्रेंच लेखक तीन दिवस पॅरिसच्या सँ-स्युल्पिस चौकात जाऊन बसला आणि एरवी ज्याची कुणी नोंद करत नाही तेवढंच लिहीत गेला. 70 नंबरची बस गेली. 63 गेली. एक बाई पिशवी घेऊन गेली. 96 गेली, रिकामीच होती. पहिली दहा पानं वाचताना वाटेल हा आपली चेष्टा करतोय, आणि मग हळूहळू त्या बसची वाट बघायला लागतो आपण. त्यालाही मध्येच प्रश्न पडतो की मी बसगाड्या का मोजतोय. आणि काका, त्यात कबुतरं आहेत! चौकातली सगळी कबुतरं एकदम उडतात, एक फेरी मारतात आणि परत बसतात, आणि त्याला कळत नाही की नेमकं कशामुळे, कारण बाहेर तर काहीच घडलेलं नसतं.

मग रॉबर्ट सलिव्हन यांचं 'रॅट्स', 2004 चं. हा गृहस्थ न्यूयॉर्कच्या एका गल्लीत वर्षभर रात्री खुर्ची टाकून बसला आणि उंदीर बघितले. त्याच्या बायकोचं काय म्हणणं होतं ते माहीत नाही. त्याला उंदीर बघता बघता त्या शहराचा सगळा इतिहास सापडत गेला, कचरा कोण उचलतं, कुठल्या गल्लीत कोण राहायचं, साथ आली तेव्हा काय झालं, असं.

पुस्तक होईल का ते मला विचारू नका, दोन वह्या म्हणजे अजून काहीच नाही, डार्विनने खडू पसरून 29 वर्षं वाट बघितली होती. पण वहीत आता एक रकाना वाढवा. कबुतरं किती वाजता उडाली ते तुम्ही लिहिताच, त्याच्या आधीचं अर्धं मिनिट काय झालं तेही लिहा, दार वाजलं, गाडी गेली, कुणी पडदा सरकवला, काहीही, आणि काहीच झालं नसेल तर "काही नाही" असंच लिहा, ते गाळू नका. बायकोला दुसऱ्या खिडकीत बसवता आलं तर उत्तम, दोघांच्या वेळा ताडून बघता येतील. महिनाभराने कळवा, पेरेकला जे कळलं नाही ते तुमच्या गच्चीवर कळतंय का बघू.